नव्या एसएल समोर असताना माणसं जुन्या १२९ कडे का वळतात?

प्रश्न थोडक्यात असा: ‘१९९० च्या दशकातली मर्सिडीजची उघड्या छताची एसएल, म्हणजे आर १२९, मनात भरलीय. तेवढ्याच पैशांत तिच्यानंतरची, जास्त वेगवान एसएल मिळते. घरचे आणि मित्र म्हणतात, जुन्या गाडीच्या नादी लागू नकोस. या गाडीत खरंच काही आहे, की हा नुसता जुन्या दिवसांचा मोह? आणि घ्यायचं ठरलं तर काय पाहू?’

जुन्या दिवसांचा मोह हे कारण मी आधीच बाजूला काढतो. माझ्याकडे १२९ घेऊन येणाऱ्यांत कितीतरी जण असे आहेत, जे ही गाडी बाजारात आली तेव्हा जन्मलेही नव्हते. त्यांच्या लहानपणात ती नव्हती, वडिलांच्या दारातही नव्हती. तरी एकदा चालवून परत आले की ते लगेच उतरत नाहीत, इंजिन बंद करून जरा वेळ तसेच बसून राहतात. आठवणींपलीकडचं काहीतरी त्यांना भेटलेलं असतं. मी गेली पंचवीसेक वर्षं या गाड्या खोलतोय आणि जोडतोय, त्यामुळे ते काय आहे हे सांगायचा प्रयत्न करतो.

माझं म्हणणं असं आहे की या गाडीत मला रॅम्पवर जे दिसतं, तेच तुम्हाला सीटवर जाणवतं. पुढे जे काही लिहितोय ते या एका गोष्टीभोवतीच फिरतं.

सीटपासूनच सुरुवात करू. उघड्या गाडीत दाराच्या मागे खांब नसतो, मग सीटबेल्टचं वरचं टोक अडकवायचं कुठे? आधीच्या गाड्यांत बेल्ट मागून कुठूनतरी यायचा आणि खांद्यावर नीट बसायचा नाही. १२९ मध्ये अख्खा बेल्ट सीटमध्येच बसवला. म्हणजे अपघातात माणसाचा सगळा भार सीटच्या सांगाड्यावर येणार. म्हणून तो सांगाडा मॅग्नेशियमच्या ओतीव भागांचा केला, मजबूत आणि त्या मानाने हलका. सीट पुढेमागे केली की बेल्टही बरोबर येतो, त्यामुळे उंच माणूस असो की बुटका, बेल्ट खांद्यावर जिथे हवा तिथेच बसतो. मी ही सीट कित्येकदा उतरवली आहे. कव्हर काढल्यावर आत जे दिसतं ते पाहून नव्या मुलांना मी हेच सांगतो की गिऱ्हाईक हे कधीच बघणार नाही, तरीही बनवणाऱ्याने ते असं केलंय. आणि गिऱ्हाईक ते बघत नसलं तरी त्याला ते कळतं. दार लावून बेल्ट ओढला की पाठीला आणि खांद्याला एक भरवसा जाणवतो, तो या सांगाड्याचा असतो.

मागच्या रोल बारचंही तसंच. तो एरवी सीटच्या मागे आडवा झोपलेला असतो. गाडी उलटतेय असं सेन्सरला कळलं की ०.३ सेकंदात उभा राहतो. १९८९ च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा दाखवली, तेव्हा बहुतेकांचं लक्ष याच गोष्टीकडे गेलं. उघड्या गाडीत सुरक्षितता हवी तर डोक्यावर कायमची लोखंडी कमान हवी, असं तोवर गृहीत धरलेलं होतं. इथे ती कमान गरजेला येते आणि एरवी गाडीची रेषा मोडत नाही. पुढच्या काचेचे खांबही आतून पोलादी नळ्यांनी भक्कम केले आहेत.

आता छत. माझ्या मते या गाडीचा स्वभाव छतात सगळ्यात जास्त दिसतो, म्हणून इथे जरा थांबतो.

एक स्विच धरून ठेवायचा. काचा खाली जातात, मागचं झाकण उघडतं, कापडी छत उचललं जातं, घडी होते, झाकण मिटतं. साधारण तीस सेकंदांचा खेळ. यामागे डझनभर हायड्रॉलिक सिलिंडर आणि जागोजाग बसवलेले छोटे स्विच आहेत. आधीचं काम पूर्ण झालं असं स्विचने सांगितल्याशिवाय पुढचं सुरू होत नाही. कुलूप निघालं, झाकण वर आलं, छताचा कणा उभा राहिला, अशी एकेक पायरी. त्यामुळे छत मध्येच अडलं तर ते कुठे अडलं यावरूनच दोष कुठे आहे ते कळतं. एकदा एक गाडी अर्ध्या उघड्या छतासह माझ्याकडे आली. मालक पार हवालदिल झाले होते, छताचं अख्खं मशीन बदलावं लागणार अशी भीती त्यांना कोणीतरी घातली होती. छत ज्या जागी थांबलं होतं ती जागा पाहिली, त्या पायरीला कोणता स्विच जबाबदार आहे ते काढलं, साफ केला, जागेवर बसवला. तिथून छत पुढे सरकलं. मालक माझ्याकडे पाहत राहिले, पण त्यात माझी हुशारी काही नव्हती. गाडीनेच काय बिघडलंय ते सांगितलं होतं.

हे छत चालत्या गाडीत उघडत नाही, थांबावं लागतं. आजच्या एसएलचं कापडी छत साधारण पंधरा सेकंदांत, ताशी ६० किलोमीटरपर्यंतच्या वेगातही उघडतं. सोयीच्या दृष्टीने नवं उघडच सरस आहे, आणि असे आणखी कितीतरी मुद्दे मी पुढे मान्य करणार आहे.

इंजिनाकडे वळतो. १२९ मध्ये सहा सिलिंडरपासून बारा सिलिंडरपर्यंत बरीच इंजिनं आली. पण या गाडीचं नाव ज्याने झालं ते पाच लिटरचं व्ही ८, म्हणजे आठ सिलिंडरचं, एम ११९. ४९७३ सीसी, ३२ व्हॉल्व्ह, चार कॅमशाफ्ट, सुरुवातीच्या गाड्यांत ३२६ अश्वशक्ती. १९८९ च्या जूनमध्ये ल मानची २४ तासांची शर्यत सॉबर-मर्सिडीज सी ९ ने जिंकली, पहिला आणि दुसरा दोन्ही क्रमांक पटकावले. त्या गाडीतलं इंजिन याच एम ११९ च्या कुळातलं होतं, त्याला दोन टर्बो लावलेले. म्हणजे एसएल जिनिव्हात उभी राहिली त्याच वर्षी तिचं भावंड चोवीस तास शर्यतीचा ताण सोसून जिंकलं. रस्त्यावरच्या गाडीत हे इंजिन टर्बोशिवाय चालतं, आणि तिथेच खरी गंमत आहे. पाय जेवढा दाबाल तेवढंच आणि त्याच क्षणी उत्तर मिळतं. टर्बोच्या इंजिनात ताकद एकदम हातात येते, ती सुखद असते, पण तुमचा पाय आणि चाक यांच्यामध्ये संगणकाचा हिशेब असतो. एम ११९ मध्ये आवाज, कंपन आणि खेच तिन्ही एकाच चढणीवर चढत जातात. आवाज मोठा नाही. तो अंगावर येत नाही, पण छातीत कुठेतरी जाणवतो.

बारा सिलिंडरचं सहा लिटरचं इंजिन १९९२ मध्ये आलं, सुमारे ३९० अश्वशक्तीचं. पुढे इटलीच्या पागानीने आपल्या झोंडासाठी याच कुळातलं इंजिन घेतलं. त्याचं चालणं रेशमासारखं आहे यात वाद नाही. तरी त्याबद्दलचा माझा सल्ला वेगळा आहे, तो पुढे.

सुरुवातीच्या व्ही ८ गाड्यांत चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. तो हलक्या पायाने दुसऱ्या गिअरमध्येच निघतो, पहिला गिअर जोरात दाबल्यावरच येतो. नव्या माणसाला वाटतं, गाडी सुस्त आहे. चार दिवस चालवली की त्याची लय कळते. यात गिअर कधी आणि किती हळुवार बदलायचा हे इंजिनाच्या व्हॅक्यूमवरून आणि ॲक्सिलरेटरला जोडलेल्या केबलवरून ठरतं. गिअर झटक्याने पडत असेल तर मी आधी व्हॅक्यूमची रबरी नळी तपासतो, मग केबलचा ताण. अनेकदा नळीच्या फुटक्या टोकाशीच काम संपतं.

स्टीअरिंगवर या गाडीच्या चाहत्यांतही भांडणं होतात. १२९ मध्ये रिसर्क्युलेटिंग बॉल पद्धतीचं स्टीअरिंग आहे. तिच्यानंतरच्या आर २३० पासून रॅक अँड पिनियन आलं. जुनं स्टीअरिंग मधोमध जरा सैल वाटतं, उत्तर सावकाश देतं. वळणावळणाच्या रस्त्यावर गाडी फेकत चालवायची हौस असेल तर ही गाडी तुमच्यासाठी नाही, हे मी स्पष्ट सांगतो. पण खराब रस्त्यावर हेच स्टीअरिंग खड्ड्यांचे दणके हातापर्यंत येऊ देत नाही, आणि लांबच्या सरळ रस्त्यावर हात शांत राहतात. शिवाय त्याचा स्वभाव एकच आहे. आजच्या गाडीत बटण दाबून स्टीअरिंग जड-हलकं करता येतं, सस्पेन्शन कडक-मऊ करता येतं, एक्झॉस्टचा आवाजही बदलता येतो. त्यातली खरी गाडी कोणती, हे मला कधीच कळलेलं नाही. १२९ सोमवारी जशी वागते तशीच शनिवारी वागते. माणूस तिच्याशी जुळवून घेतो आणि ते जुळलेलं कायमचं राहतं. लोक ‘ओढ’ म्हणतात ती इथे तयार होते, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

याच स्टीअरिंगवरून एक सावधगिरी. सैलपणा वाटला की काही जण स्टीअरिंग बॉक्सवरचा ॲडजस्टिंग स्क्रू आवळतात. शिकाऊ असताना मीही तेच करायला निघालो होतो. माझ्या उस्तादांनी हात धरला आणि आधी आयडलर आर्मचे बुश (सांध्यातली रबरं), ड्रॅग लिंकची टोकं आणि स्टीअरिंग डॅम्पर तपासायला लावले. बुश गेलेले निघाले. ते बदलले आणि बॉक्सला हातही न लावता स्टीअरिंग जागेवर आलं. स्क्रू जास्त आवळला तर वळणानंतर स्टीअरिंग आपण होऊन सरळ येत नाही आणि आतले भाग खराब होतात. एकदा केलेली ती चूक मागे घेता येत नाही.

मागच्या चाकांना प्रत्येकी पाच आर्म आहेत. ही रचना मर्सिडीजने १९८२ मध्ये छोट्या १९० मॉडेलमध्ये आणली होती. पाचही आर्म मिळून चाकाला जागच्या जागी ठेवतात, म्हणून पावणेदोन टनांहून जड असलेली ही गाडी भरधाव वेगातही डगमगत नाही. बुश म्हातारे झाले की मात्र शेपूट भटकल्यासारखं वाटतं. त्यावेळी एखादा आर्म बदलून भागत नाही, सगळे एकत्र करावे लागतात. आणि बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. गाडी रॅम्पवर, चाकं लोंबकळत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि थोड्याच दिवसांत फाटतं. मालकांनी हे कारागिराला जरूर विचारावं. उत्तर ऐकून कारागीर कळतो.

दिसण्याबद्दल वेगळं बोलायला हवं. ब्रूनो साको १९७५ ते १९९९ मर्सिडीजच्या डिझाइन विभागाचे प्रमुख होते. इटलीत जन्मले, २०२४ मध्ये वारले. नवं मॉडेल आलं म्हणून जुनं म्हातारं दिसता कामा नये, हे त्यांचं तत्त्व होतं. बाजाराच्या रीतीच्या हे उलट आहे, कारण जुनं जुनाट दिसलं तरच माणूस नवं घेतो. १२९ जवळून बघा. उगाच ओढलेली एकही रेष नाही, खोट्या जाळ्या नाहीत. बॉनेट लांब, डिकी आखूड, काच नेमकी तिरकी. छत मिटलेलं असो, उघडं असो की वर ॲल्युमिनियमचं हार्डटॉप, म्हणजे काढता-घालता येणारं कडक छत, चढवलेलं असो, तिन्ही रूपांत गाडी पूर्ण वाटते. हे जमवणं फार अवघड आहे, कारण बहुतेक उघड्या गाड्या एकाच रूपात चांगल्या दिसतात. १९८९ पासून २००१ पर्यंत ब्रेमेनच्या कारखान्यात दोन लाखांहून जास्त १२९ बनल्या. त्या बारा वर्षांत बंपर, दिवे, बाजूच्या जाळ्या यांत किरकोळ बदल झाले, मूळ रेषा तशीच राहिली.

आता नंतरच्या गाड्या. त्यांना नावं ठेवून १२९ मोठी होत नाही, म्हणून नीट सांगतो. २००१ मध्ये आर २३० आली. धातूचं छत घडी होऊन डिकीत जाणारं, सुरेख आकार, आणि एबीसी नावाचं हायड्रॉलिक सस्पेन्शन, जे वळणावर गाडीला फारसं झुकू देत नाही. चालवायला ती १२९ पेक्षा किती तरी धारदार आहे. त्यानंतर २०१२ ची आर २३१ ॲल्युमिनियमच्या बॉडीची, त्यामुळे आधीपेक्षा जवळपास १४० किलो हलकी. २०२१ मध्ये आलेल्या आर २३२ मध्ये चारही चाकांना ताकद, मागचीही चाकं वळणारी, टर्बोचं व्ही ८. वेग, ब्रेक, पकड, अपघातातला बचाव यांपैकी कशातही जुनी गाडी तिच्यासमोर उभी राहू शकत नाही. मुलाबाळांना घेऊन रात्रीच्या पावसात लांब जायचं असेल तर मी स्वतः नवी गाडी निवडेन.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. दोन पिढ्या धातूचं छत वापरून कंपनी २०२१ मध्ये पुन्हा कापडी छताकडे आली. मागच्या दोन छोट्या सीटही परत आल्या. कापडी छत हलकं असतं, डिकीतली जागा कमी खातं आणि गाडीचा जडपणा खाली ठेवतं. १२९ बनवणाऱ्यांचा हिशेब चुकला नव्हता.

आणि दुरुस्तीच्या बाजूने एक उदाहरण देतो. आर २३० च्या सुरुवातीच्या गाड्यांत एसबीसी नावाचे ब्रेक होते. पेडल दाबलं की सेन्सर ते वाचतो, संगणक प्रत्येक चाकाला किती दाब द्यायचा ते ठरवतो, आणि पंपाने आधीच साठवून ठेवलेला दाब कॅलिपरकडे जातो. कल्पना धाडसी होती, ब्रेक लागायचेही झटकन. पण ही यंत्रणा आपल्या आपण जागी होऊ शकते, म्हणून ब्रेक पॅड बदलण्याआधी तिला स्कॅनर लावून झोपवावं लागतं, नाहीतर बोटं जाण्याचा धोका. तिच्या युनिटमध्ये ब्रेक किती वेळा लागले याची मोजदादही असते, आणि ठरावीक आकडा झाला की युनिट बदला असा इशारा येतो. पुढे मर्सिडीजने ही यंत्रणा सोडून पुन्हा नेहमीचे हायड्रॉलिक ब्रेक आणले. १२९ चे ब्रेक पहिल्यापासून तसेच आहेत. पेडल, बूस्टर, मास्टर सिलिंडर, नळ्या, कॅलिपर. तुमच्या पायाचा दाब तेलातून चाकापर्यंत जातो आणि चाकाखालचा रस्ता त्याच वाटेने पायाला कळतो.

मात्र १२९ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स नाही, असं कोणी सांगत असेल तर तो चुकीचं सांगतोय. एबीएस आहे, इंधनाचा संगणक आहे, छताचा स्वतंत्र कंट्रोल युनिट आहे. फरक असा की प्रत्येकाचं काम आखलेलं आहे. बहुतेक वेळा एक बिघडला तर बाकीचे आपापलं काम करत राहतात, आणि बिघाड एका वायरपर्यंत, एका स्विचपर्यंत शोधत जाता येतो. पुढच्या पिढ्यांत सगळे युनिट एकमेकांशी इतके बोलतात की डिकीत पाणी शिरलं म्हणून भलतीच कुठलीतरी सूचना समोर पेटते.

आता दुखणी, कारण जीव जडला की माणूस ती बघत नाही.

सगळ्यात मोठं दुखणं इंजिनाच्या वायरिंगचं. साधारण १९९२ ते १९९५ च्या काळातल्या गाड्यांत वायरवरचं आवरण असं होतं की इंजिनाच्या उष्णतेने ते वर्षांनंतर कडक होऊन बिस्किटासारखं तुटतं. मग वायर एकमेकींना चिकटतात, इंजिन मिसिंग मारतं, आयडलिंग वर-खाली होतं, आणि वाईट दिवस असेल तर इंजिनाचा संगणकही जातो. बॉनेट उघडून एखाद्या कनेक्टरजवळची वायर हलक्या हाताने वाकवून बघा. आवरण तडकलं तर हार्नेस, म्हणजे वायरांचा अख्खा जुडगा, गेला समजा. टेप गुंडाळून विकलेल्या गाड्याही असतात, त्यापासून लांब राहा. हार्नेस बदललेला असेल तर त्यावरच्या लेबलची तारीख वाचा आणि बिल मागा.

छताचे हायड्रॉलिक सिलिंडर दुसऱ्या नंबरवर. आतली सीलं वयाने कडक होतात आणि तेल गळू लागतं. पुढच्या काचेवरच्या पट्टीत जे सिलिंडर आहेत ते गळले की सन व्हायझरवर तेलाचा डाग दिसतो. गाडी बघायला गेलात की व्हायझर खाली करून पाहायचाच. सिलिंडर नवे घ्यायची गरज नसते, ते काढून नव्या सीलने पुन्हा बांधता येतात. एक गळतोय म्हणून एकच करू नका. सगळे एका वयाचे आहेत, दुसरा लवकरच गळणार.

इंजिनांचं प्रत्येकाचं वेगळं. सहा सिलिंडरच्या २४ व्हॉल्व्हच्या इंजिनात हेड गॅस्केटच्या मागच्या कोपऱ्यातून तेल झिरपतं. एम ११९ मध्ये टायमिंग चेनच्या प्लास्टिकच्या पट्ट्या म्हाताऱ्या होतात, आणि कॅमशाफ्टला तेल पोचवणाऱ्या नळ्यांचे प्लास्टिकचे जोड सैल होऊन टिकटिक आवाज येतो. जोड स्वस्त आहेत, काम अर्ध्या दिवसाचं, पण आवाजाकडे दुर्लक्ष केलं तर कॅम घासतो. बारा सिलिंडरमध्ये संगणक दोन, थ्रॉटलचे ॲक्च्युएटर दोन, आणि बॉनेटखाली बोट घालायला जागा नाही. साधं कामही दुप्पट होतं. पहिलीच जुनी गाडी म्हणून ही बारा सिलिंडरची ६०० घेऊ नका, कितीही मोह झाला तरी.

काही गाड्यांत एडीएस हे आपोआप कडक-मऊ होणारं सस्पेन्शन आहे. त्यातल्या गोलाकार टाक्यांमधला नायट्रोजन निघून गेला की गाडी दगडासारखी चालते. लोक याला शॉकॲब्सॉर्बर गेले समजतात आणि चुकीच्या जागी खर्च करतात.

पाणी हा छुपा शत्रू. छताभोवतीच्या पन्हळी पानांनी तुंबतात आणि पाणी डिकीत शिरतं. बऱ्याच गाड्यांत बॅटरी डिकीत असते, दरवाज्यांच्या कुलपांना हवा पुरवणारा पंपही तिथेच. डिकीतला गालिचा उचलून हात लावून बघा, ओल असेल तर पुढचे प्रश्न तिथूनच सुरू होतात. मागची प्लास्टिकची काच पिवळी किंवा दुधाळ झाली असेल तर ती बदलता येते. कडाक्याच्या थंडीत मात्र छत घडी करू नका, प्लास्टिक तडकतं.

कोणती घ्यावी, असं थेट विचारलंत तर मी १९९६ ते १९९८ च्या दरम्यानची पाच लिटरची एसएल ५०० म्हणेन. तेव्हा वायरिंगचा दोष सुधारलेला होता, एम ११९ अजून होतं, त्याचे जुने डिस्ट्रिब्युटर जाऊन स्वतंत्र कॉइल आल्या होत्या, आणि पाच गिअरचा नवा गिअरबॉक्स आला होता. १९९८ नंतर आलेलं ३०६ अश्वशक्तीचं नवं व्ही ८, एम ११३, साधं आहे, कमी पितं आणि फारसं छळत नाही. रोज चालवायची असेल तर तेच घ्या, मी अडवणार नाही. मला स्वतःला एम ११९ चा वरच्या फेऱ्यांतला मोकळा श्वास जास्त प्रिय आहे. सहा सिलिंडरच्या गाडीचं नाक हलकं असतं, वळताना ते जाणवतं, आणि शांतपणे फिरणाऱ्याला तीही पुरेशी आहे. शेवटी इंजिनापेक्षा गाडीचा सांभाळ महत्त्वाचा. कमी किलोमीटर चाललेली पण दहा वर्षं झाकून ठेवलेली गाडी मला भीती घालते. सीलं, होस, ब्रेकचं तेल, टायर, इंधनाच्या नळ्या, सगळं उभ्या उभ्या मरतं. दोन लाख किलोमीटर चाललेली, दरवर्षी बिलं असलेली गाडी मी आधी बघेन.

बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असलं पाहिजे असं आधीच सांगून ठेवा. गरम करून ठेवलेली गाडी बऱ्याच गोष्टी लपवते. छत दोनदा पूर्ण उघडा आणि दोनदा पूर्ण मिटवा, पहिल्या खेपेला जमलेलं दुसऱ्या खेपेला अडू शकतं. रोल बार स्विचने वर-खाली करून पाहा. मग रेडिओ आणि एसी बंद करून अर्धा तास तरी चालवा, त्यात दहा मिनिटं खराब रस्ता हवा. हार्डटॉप बरोबर येत असेल तर ते उचलून बसवून दाखवायला सांगा. एकट्याने उचलायच्या फंदात पडू नका, दोन माणसं लागतात, आणि बसवताना मागच्या कडेला रंग खरवडला जातो. हार्डटॉपची रबरं दाबून बघा. ती मऊ असतील तर ज्याने ही गाडी वापरली त्याने ती जीव लावून वापरली आहे असं मी तरी धरतो.